मुरण्याची जागा

छपरावरचा भाला सगळ्यांना दिसतो.
मुलं पाहुण्यांना हात धरून नेतात, दाखवतात.
मी वर बघत नाही.
मी तांब्याची पट्टी धरून भिंतीवरून खाली येते,
दोन बोटं रुंद, खिडकीपाशी एक सैल वळण
– वीज घाईत असते, काटकोन तिला मानवत नाही –
आणि तिसरीच्या वर्गाच्या कोपऱ्यात
जमिनीपासून हातभर वर
थांबते.
पट्टी संपलीय.
करवतीनं कापलेली, सरळ, अगदी नीट.

मागच्या मार्चमध्ये आभाळातून जे आलं
ते इथवर शिस्तीत आलं असणार.
पुढचं त्याला कुणी सांगितलं नाही.
मग त्यानं खिडकीचे गज बघितले.
गजाजवळचं बाक.
बाक अजून तिथेच आहे, त्यावर
खडूचं खोकं ठेवतात.

खणायला मुगेन्यी आला, शाळेचा रात्रीचा राखणदार.
आमच्या तोरोत नुसत्या नावानं हाक मारणं बरं दिसत नाही.
आधी लाडनाव विचारायचं, मग कामाचं.
मी म्हटलं, मी अब्वोली. तुम्ही?
"आराली," तो कुदळीला म्हणाला.
गडगडाटाचं नाव ते, म्हातारी माणसं सांगतात.
एरवी यावर कुणीतरी हसलं असतं.

पहिला रॉड चार फुटांवर अडला. काळा दगड.
दुसरा सहा फुटांवर.
मीटरवर एकशे बारा ओहम.
जमीन नाही म्हणत होती, आणि
जमीन नाही म्हणाली की वीज माणसं शोधते.
मग रॉडचा नाद सोडला, आडवा चर धरला
केळीच्या दिशेनं, जिथे
पोरांच्या ताटांचं पाणी वर्षानुवर्षं मुरतंय.
खाली पट्टी, वर बेंटोनाइटचा ओला लगदा,
लापशीसारखा, हातानंच थापायचा,
नखांत जातो तो रविवारपर्यंत निघत नाही.

मी गुडघाभर म्हटलं होतं.
तो मांडीभर खणत गेला.
पुरे, म्हटलं.
पुन्हा म्हटलं.

दुपारी केळीच्या पानात माटोके आलं, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर.
त्यानं पान उघडलं नाही.
"तांब्याला किलोमागे काय देतात, ठाऊक आहे?"
मला ठाऊक होतं.
"मला वाटलं, वर भाला तर आहेच.
खालचं कोण बघतं."

माझ्या हातात क्लॅम्प होता.
मी बोल्ट आवळला. मग आणखी आवळला,
पाना घसरला, बोटाचं साल निघालं.
काय बोलायचं असतं अशा वेळी
ते प्रशिक्षणात नव्हतं.
तिथे एवढंच शिकवलं:
आलेलं अडवायचं नाही,
त्याला खाली जाऊ द्यायचं,
आणि खाली एवढी जागा ठेवायची की
ते पसरेल, पातळ होईल, मुरेल.

संध्याकाळी मीटर: अडतीस. आणखी चार बादल्या. एकवीस.
दुसरा चर जोडल्यावर आठ.
आठ चालतं.
नोंदवहीत एक रकाना असतो, खंडित असल्यास कारण.
मी पेन उघडलं, बंद केलं.
तारीख लिहिली.

ढग र्‍वेन्झोरीवरून उतरू लागले तेव्हा
मुलांना आत घेतलं, दारं लावली.
तपासणीच्या चौकोनी झाकणापासून
दहा पावलं लांब राहायचं, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं,
त्यालाही, दोनदा.
तो झाकणावर उभा होता.
अनवाणी, पाय फाकवून,
तोंड वर.

मी व्हरांड्यातून हाक मारली.
आराली!

ओ आधी डोंगरानं दिली.
मग, बऱ्याच वेळानं,
त्यानं.